नारळाआधीचा माल

परत आले तेव्हा कॉलनीत जो तो विचारत होता, "रत्नागिरीला जाऊन आलात म्हणे, आंबे आणले का?" माघात आंबे कुठले आणणार? झाडांवर नुसता मोहोर होता. अजूनही खरं कारण सांगायला गेलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढते. मी रत्नागिरीला गेले ती सिंगापूरच्या एका दाव्यासाठी, आणि तो दावा होता एका नारळावरून.

मी अमरावतीची. उभी नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करू लागले आणि पुढं दुभाष्याचं काम मिळायला लागलं. आम्ही दोघी बहिणी, दोघीही बिनलग्नाच्या, एकाच घरात. ताई गेल्या दिवाळीच्या आधी गेली. तोवरचा प्रत्येक प्रवास आम्ही जोडीनं केला आणि प्रत्येक प्रवासात भांडलो. खिडकी तिची, पाण्याची बाटली माझी, आणि "तुला काही समजत नाही" हे दोघींचं. हा पहिला प्रवास एकटीचा. गाडीत खिडकी मिळाली तेव्हा काही आनंद झाला नाही.

रत्नागिरी

हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर पुढं सरकवलं. "बरोबर कोण?"

"कोणी नाही."

त्यानं माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं, मागून कुणी बॅग घेऊन येत असेल अशा आशेनं. "एकट्याच काय?" म्हणाला आणि रजिस्टरातल्या त्या रकान्यात त्यानं आडवी रेघ मारली. पुढं हाच प्रश्न मला रिक्षावाल्यानं, चहावाल्यानं आणि एसटीच्या कंडक्टरनं विचारला. आमच्या वऱ्हाडात माणूस आधी "बसा, जेवा" म्हणतो आणि चौकशी जेवता जेवता करतो. इथं चौकशी पुरी झाल्याशिवाय पाणीसुद्धा पुढं येत नाही. पण एकदा उत्तर मिळालं की माणसं मनापासून हळहळतात, आणि ते मला चौकशीपेक्षा जड जात होतं.

मामला असा होता. सुजाता जाधव नावाच्या बाईंचं रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवायचं युनिट आहे. स्पेनच्या एका कंपनीनं त्यांच्याशी माकूल घ्यायचा करार केला. माकूल म्हणजे पांढरा, बिनकाट्याचा, नळीसारखा मासा. तिकडे त्याला फार मागणी. पहिला कंटेनर ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघायचा होता. मासेमारीवरची सरकारी बंदी जुलैअखेर उठते, त्यामुळं दोन्ही बाजूंना ही मुदत सोपी वाटली. पण सुजाताबाईंना माल पुरवणाऱ्या हर्ण्याच्या कोळ्यांच्या होड्या सरकारी तारखेनं निघत नाहीत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात आणि मगच निघतात. त्या वर्षी नेमका अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या अखेरीला जाऊन बसली. करारावर सह्या करताना पंचांग कुणी उघडलंच नव्हतं. माल वेळेत गेला नाही. कंपनीनं करार मोडला आणि भरपाईचा दावा लावला.

दावा सिंगापूरच्या लवादापुढं, कारण कराराच्या शेवटच्या पानावर तसं कलम होतं. असा परदेशातला निवाडा पूर्वी आपल्याकडच्या कोर्टात वर्षानुवर्षं ताणत ठेवता यायचा. आता कायदाही बदललाय आणि कोर्टांचा नूरही. निवाडा बरोबर की चूक हे इथलं कोर्ट नव्यानं तपासत बसत नाही. अगदी मोजक्या कारणांनीच तो अडवता येतो. थोडक्यात, सिंगापूरला हरलं की इथं युनिटला कुलूप.

वादळ, युद्ध, साथ, सरकारी हुकूम या अडचणींची सोय करारात होती. नारळाची नव्हती. सुजाताबाईंच्या वकिलांचं म्हणणं एवढंच, की हर्ण्याची ही रीत धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कंपनीचा माणूस पूर्वी एकदा नारळी पौर्णिमेला हर्ण्यात हजर होता, तेव्हा तिलाही ठाऊक होती. नारळाआधी होड्या जात नाहीत, हे शपथेवर सांगणारा साक्षीदार एकच: काशिनाथ चोगले, हर्ण्याचे जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कारभारी. त्यांच्यावर सगळी भिस्त.

माझी नेमणूक दोन्ही पक्षांनी मिळून केलेली, म्हणजे मी कुणाचीच नाही. साक्षीदाराचं इंग्रजीत दाखल झालेलं निवेदन त्याला मराठीत वाचून दाखवायचं, समजल्याची सही घ्यायची, आणि सुनावणीच्या दिवशी त्याच्याशेजारी बसून त्याचं बोलणं इंग्रजीत आणि वकिलांचं मराठीत करायचं. खटल्याबद्दल कुणाशीही अवाक्षर बोलायचं नाही. तसं लिहून दिलं होतं.

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर गेले. सूर्य बुडताना पाहायला अख्खं गाव लोटलेलं, सगळे जोडीनं नाहीतर घोळक्यानं. भेळ घेतली, ती खारट निघाली. नंतर खानावळीत कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात खाल्ला. पिठी इतकी चांगली होती, की ताईला सांगायला मी पर्समधून फोन काढला. नंबर अजून तसाच आहे. फोन परत पर्समध्ये टाकला आणि राहिलेला भात कसाबसा संपवला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं, आणि वाढणाऱ्याला वाटलं पिठी तिखट झाली. त्यानं न मागता सोलकढी आणून ठेवली.

हर्णे

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं दापोली गाठली आणि तिथून हर्णे. चोगले तांडेल घराच्या पडवीत जाळं शिवत बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, छाती अजून भरदार, कानावर केस.

"तुमी कुटल्या, बाय?"

"अमरावती."

"तिकडं दर्या नाय?"

"नाही. लांबलांबपर्यंत नाही."

"मग मानसा बघतात तरी काय?" त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. मी म्हटलं, कापूस बघतात, संत्री बघतात. त्यावर त्यांनी मान हलवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

निवेदन छोटं होतं. मी एकेक वाक्य वाचत गेले, ते "बरोबर" म्हणत गेले. कंपनीचा गोरा माणूस आला होता, त्याच्या हातात त्यांनी स्वतः नारळ दिला होता, त्यानं तो दर्यात सोडला होता. बरोबर. त्या वर्षी नारळी पौर्णिमेआधी मी समुद्रात गेलो नाही. बरोबर. त्यांनी चष्मा लावून सावकाश सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि चहा बशीत ओतत म्हणाले, "मी नाय गेलो. पोरगा गेला व्हता दुसरी बोट घेऊन. आताच्या पोरांना दम कुटं हाय? आनी येकटा नाय गेला, धा-बारा बोटी गेल्या. माकूल चांगली गावली त्या टायमाला."

माझा चहा हातातच राहिला.

"पन सुजाताला यातला येक नग दिला नाय मी," ते पुढं म्हणाले. "सगल्यांना बजावून ठेवला व्हता. नारळ पडायच्या आदीचा माल. तो आपल्या मानसाला घालीत नाय. लिलावात टाकायचा, कोनी परका नेल तर नेल. पोरीचा धंदा नवा. तिला कसा घालू असला माल?"

त्यांच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. त्यांनी सुजाताला जपलं होतं. त्या जपण्यापायी तिच्यावर दावा लागला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. तिच्या हिशेबी होड्या गेल्याच नव्हत्या.

"काका," मी म्हटलं, "हे मला सांगू नका. मला ऐकायची परवानगी नाही. उद्या कुणी विचारलं तर तिथं सांगा, जे असेल ते."

"सांगनार ना. लपवायचा काय त्यात?"

खरंच, त्यांच्या दृष्टीनं लपवायचं काहीच नव्हतं.

पुढं मी बंदरावर गेले. डोकं भणाणलं होतं आणि बसला वेळ होता. हर्ण्याचा लिलाव संध्याकाळी भरतो. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या थेट लाटांत शिरून मासळी काठावर आणतात. वाळूवर ढीग मांडलेले, भोवती बायकांची कोंडाळी, आणि बोली इतक्या वेगात, की मला आकडे कळेपर्यंत ढीग विकलेला असे. आमच्या कापसाच्या बाजारात व्यापारी गंजी उपसून पाहतात, नाकं मुरडतात, अर्धा तास घालवतात. इथं त्या ढिगाला तेवढी उसंतच नाही. कोण कुणाचं घेतंय, माल कधीचा, काही कळायला मार्ग नाही. नारळाआधीचे ढीगही असेच कुणीतरी नेले असणार. पाहता पाहता ओल्या वाळूत माझी चप्पल रुतली, ओढली तर तिचा अंगठा तुटला, आणि अनवाणी स्टँडवर पोचेपर्यंत दापोलीची गाडी निघून गेली.

दाभोळची फेरी

तिथं उभी असतानाच एक पांढरी गाडी थांबली. तिशी-पस्तिशीची बाई उतरली, केस घट्ट बांधलेले, मनगटावर मोठं घड्याळ. सुजाता जाधव. तांडेलांना साक्षीसाठी रत्नागिरीला न्यायला आल्या होत्या. ते पुढच्या सीटवर टोपी घालून, मांडीवर पिशवी धरून बसले होते; मला त्यांनीच ओळखलं असणार.

"मॅडम, अहो, पायात काही नाही तुमच्या! या, बसा. केसबद्दल बोलायचं नाही ना? नाही बोलणार. पण तुम्हाला इथं टाकून गेले तर माझी आई मला घरात घेणार नाही."

नियमाच्या दृष्टीनं चुकलंच माझं, पण बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडच्या वकिलांना तसं कळवूनही टाकलं.

दाभोळला गाडी फेरीबोटीवर चढली. खाडीपलीकडं अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसत होत्या. "त्याच्यावरनं परदेशात केवढ्या केसी झाल्या म्हनतात," तांडेल म्हणाले, "आनी आमच्याकडं लाईट जायची ती जातेच." सुजाता खळखळून हसली. मग ती कठड्याशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि शब्द दिल्याप्रमाणे केस सोडून सगळं बोलली. वडील जिल्हा परिषदेत शिपाई. नवरा मुंबईत एका गोदामात कामाला, महिन्यातून एकदा येतो. सुकी मासळी विकून सुरुवात, मग उधारीचा एक फ्रीजर, मग युनिट. आता तिच्याकडं कामाला असलेल्या बहुतेक बायका तिच्याच बौद्धवाडीतल्या.

"आमच्यात नारळ वाहत नाहीत, मॅडम," ती हळूच म्हणाली. "घरात बाबासाहेब आणि बुद्ध. पण काकांनी पहिला माल दिला तेव्हा माझी जात नाही विचारली, गॅरंटी नाही विचारली. 'पोरी' म्हणाले. बंदरावर मला पोरी म्हणणारा दुसरा कुणी नव्हता." नंतर जीभ चावून म्हणाली, "हे केसमध्ये येतं का हो?"

"नाही," मी म्हटलं. पण सगळं त्यातच येत होतं.

बाकीची वाट ती गाणं गुणगुणत होती. तिला धीर आलेला होता, काका बरोबर होते ना. मी मागच्या सीटवर तोंडात गुळणी धरून बसले होते. मी बोलले असते तर ती आधीच सावध झाली असती, तिच्या वकिलांनी काही वाट काढली असती. न बोलणं हेच माझं काम होतं. आयुष्यात पुष्कळदा एकटी पडले आहे, पण त्या भरल्या गाडीत जेवढी एकटी होते तेवढी कधीच नव्हते.

पुन्हा रत्नागिरी

सुनावणी हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये, पडद्यावरून. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. आमचे दहा वाजले तेव्हा तिथं जेवायची वेळ. निवाडा देणाऱ्या बाई वयस्क, बारीक काड्यांच्या चष्म्याच्या, अतिशय नम्र. खोलीत आमच्या दोघांखेरीज कुणी नाही हे दाखवायला मी कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवला. सुजाता शेजारच्या खोलीत स्वतःच्या लॅपटॉपवर ऐकत होती.

दुभाष्यानं "ते म्हणतात" असं म्हणायचं नसतं, साक्षीदाराच्या जागी "मी" म्हणायचं. तेव्हा तासभर मी इंग्रजीत तांडेल होते. मी गोऱ्याच्या हातात नारळ दिला. माझे आजोबाही नारळाशिवाय होडी लोटत नसत. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कंपनीच्या वकिलानं कागद बाजूला ठेवून विचारलं, "पौर्णिमेआधी तुमच्या मालकीची कुठलीही बोट समुद्रात गेली होती का?"

मी ते मराठीत सांगितलं.

"गेली व्हती. पोरगा घेऊन गेला."

"माकूल मिळाली?"

"गावली चांगली."

"ती तुम्ही जाधव यांच्या युनिटला का दिली नाही?"

तांडेल खुर्चीत सरसावून बसले. या प्रश्नाची ते वाटच पाहत होते. "नारळाआदीचा माल आमी आपल्या मानसाला घालीत नाय. मी बाकीच्यांनापन सांगितला, सुजाताला देऊ नका. लिलावात टाका. ती माजी पोर हाय."

मी इंग्रजीत म्हटलं, आम्ही तो माल आपल्या माणसाला देत नाही. मी इतरांनाही तिला देऊ नका असं सांगितलं. ती माझी मुलगी आहे. पडद्यावरच्या बाईंनी ते पुन्हा म्हणायला सांगितलं, आणि मी पुन्हा तेच शब्द म्हटले. पडद्याच्या कोपऱ्यातला सुजाताच्या वकिलाचा चेहरा पाहवत नव्हता.

बाहेर आल्यावर तांडेल खुशीत होते. "बरोबर सांगितला ना, पोरी? तुला वंगाळ माल कदी घातला नाय, ता त्या जजबायला कळाया पायजे."

सुजाता दाराशी उभी होती. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "बरोबर सांगितलंत, काका. चला, चहा घेऊ."

ते चहा पीत असताना ती माझ्याकडं आली. "तुम्हाला हर्ण्यातच कळलं होतं."

"हो."

"गाडीत का नाही बोललात?"

"मला बोलता येत नव्हतं."

"मी त्यांची कुणी नसते तर वाचले असते ना, मॅडम?"

तिला तांडेलांना हर्ण्याला सोडायचं होतं. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी पायरीवर उभी राहिले, मग नवीन चप्पल घ्यायला बाजारात गेले.

अमरावती

निवाडा पाऊस संपता संपता आला. सुजाता हरली. तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. आता माझं काम संपलेलं होतं, बोलायला मुभा होती. युनिट एका मोठ्या निर्यातदारानं चालवायला घेतलंय, निम्म्या बायका राहिल्या, निम्म्यांना तिनं दुसरीकडं लावून दिलं. ती स्वतः पुन्हा सुकी मासळी विकते. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग घुटमळली.

"काका सारखे विचारतात, जजबाईंनी काय लिहिलंय. मराठीत करून द्याल? मी वाचून दाखवेन. फक्त एकेचाळिसावा परिच्छेद त्यातून काढा."

एकेचाळिसाव्यात सगळं होतं. माल उपलब्ध होता, केवळ साक्षीदाराच्या सांगण्यामुळं तो प्रतिवादीला मिळाला नाही, म्हणून रिवाजाची सबब टिकत नाही. इतक्या वर्षांत मी भाषांतरात एक शब्द गाळला नव्हता. एकदा ताईनं माझ्या मसुद्यातलं एक "तथापि" खोडलं म्हणून दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तो अख्खा परिच्छेद मी काढला आणि पुढच्या परिच्छेदांचे आकडे एकेकानं मागं घेतले, म्हणजे वाचताना अडखळायला नको. असं केल्याचं कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. घरात कोणी नव्हतं.

आठ दिवसांनी पुन्हा तिचा फोन. "काका रुसलेत. म्हणतात, एवढा सगळा वाचलास, माज्याबद्दल बाईनं एक अक्षर लिवला नाय?"

मी कागद पुन्हा काढला. वगळलेल्या परिच्छेदात शेवटी एक वाक्य होतं, ज्याच्या जोरावर बाईंनी सगळा निकाल दिला होता. तेवढंच मराठीत केलं आणि पाठवलं: "काशिनाथ चोगले यांनी शपथेवर जे सांगितले ते सर्व खरे आहे, असे मी मानते."

सुजातानं ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग कागदच मागून घेतला. आता तो घडी करून खिशात ठेवतात आणि लिलावाला आलेल्या माणसांना दाखवतात.